नाही म्हणता न येणारा सावकार

फ्लॉरेन्सला आर्नो नदीच्या पुलाजवळ सांता त्रिनिता नावाचं चर्च आहे. तिथे फारशी गर्दी नसते कारण सगळं जग डुओमो म्हणजे गावातलं मोठं चर्च आणि उफित्झी म्हणजे चित्रांचं संग्रहालय यांच्या रांगेत उभं असतं. आत उजव्या बाजूला कोपऱ्यात एक चॅपेल आहे, चांगलंच अंधारं, डबीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोडा वेळ राहतो आणि मग टक्कन बंद. माझ्या लेकीने नाणं टाकलं आणि वर भिंतीवर एकदम कितीतरी माणसं उजळली. मला त्यातली दोनच बघायची होती. काळ्या केसांचा, चपट्या नाकाचा तो लोरेंझो दे मेदिची, मेदिची बँकेचा मालक आणि त्या काळी फ्लॉरेन्सची सत्ता हातात असलेला, आणि त्याच्या शेजारी लाल झग्यातला, टक्कल पडलेला म्हातारा तो फ्रान्चेस्को सास्सेत्ती, मेदिची बँकेचा जनरल मॅनेजर.

लेक म्हणाली, "आई, एवढं मायकेलअँजेलो वगैरे सोडून तू एका बँक मॅनेजरला बघायला आलीस?" हो, आले. सव्वीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा कर्ज विभागात, मग माणूस चित्रात पण सही करणारा हात कोणाचा ते बघतो, त्याला काय करणार.

तर हे चॅपेल सास्सेत्तीने स्वतःच्या खर्चाने करून घेतलं, घिरलांदायोने रंगवलं, काम १४८५ च्या सुमाराला संपलं. मालकाला शेजारी उभं करून घेतलंय, मालकाची पोरं जिन्यावरून वर येतायत, सास्सेत्तीचा धाकटा मुलगा बापाजवळ उभा आहे, मागे फ्लॉरेन्सचा सरकारवाडा. फॅमिली फोटोच म्हणा ना. आणि त्याच १४८५ मध्ये प्रत्यक्षात काय चाललं होतं? लंडनची शाखा बंद झालेली, आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजची बंद झालेली, मिलानची पण गेलेली, आणि फ्रान्समधल्या ल्योंचा मॅनेजर फ्लॉरेन्सच्या तुरुंगात, आणि हा मॅनेजर कोण तर लोरेंझोचा मेव्हणाच, त्याच्या सावत्र बहिणीचा नवरा. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच, फक्त पोकळ वासा इतका सुंदर रंगवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

लोरेंझोवर लिहिणारे बहुतेक लोक दोनपैकी एका वाटेने जातात. एक तर कलेचा मोठा आश्रयदाता, स्वतः कवी, दिलदार माणूस, बँक वगैरे क्षुद्र गोष्टींत त्याला रस नव्हता म्हणून बुडाली. नाहीतर मग उधळ्या नातू, आजोबांनी कमावलं आणि यानं घालवलं. दोन्ही वाचून मला हसू येतं, कारण ज्यांनी कधी कर्जाची फाईल हातात धरली नाही त्यांनाच असं वाटू शकतं की बँक दुर्लक्षाने बुडते. दुर्लक्षाने बुडते हो, नाही असं नाही. पण जास्त वेळा बँक बुडते ती कोणाला तरी नाही म्हणता आलं नाही म्हणून.

सुरुवात लोरेंझोच्या पणजोबांपासून करावी लागेल, जोवान्नी दी बिच्ची. १३९७ मध्ये त्याने रोममधला कारभार फ्लॉरेन्सला आणला आणि बँक उभी केली. पोपच्या दरबारचा पैसा सांभाळणं हा मुख्य धंदा, पहिल्या वीसेक वर्षांत निम्म्याहून जास्त नफा एकट्या रोमच्या शाखेतून यायचा. व्याज घेणं हे चर्चच्या हिशेबी पाप, म्हणून मग हुंडी. आज फ्लॉरेन्सला फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी, द्यायचे, काही महिन्यांनी लंडनला तिथल्या चलनात परत घ्यायचे, दर असा लावायचा की व्याज त्यातच मुरलेलं असतं, आणि कागदावर व्याजाचं नावसुद्धा नाही. ठेवीदाराला पण व्याज म्हणून काही द्यायचं नाही, बँक आपल्या मर्जीने "भेट" देणार. कायद्यातून पळवाट काढणं हे बँकांना आज सुचलेलं नाही एवढंच सांगते.

जोवान्नी फार जपून वागणारा माणूस. मरताना मुलांना म्हणाला म्हणे की सरकारवाड्याभोवती घुटमळू नका, बोलावलं तरच जा, लोकांच्या डोळ्यांवर येऊ नका. त्याने मागे ठेवलेली मालमत्ता १,८०,००० फ्लोरिनच्या आसपास होती. १४२९ साली गेला.

त्याचा मुलगा कोसिमो. हा खरा धंद्यातला डोक्याचा माणूस, आणि त्याने शाखांची जी रचना केली ती वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसले होते. प्रत्येक शाखा म्हणजे वेगळी भागीदारी. मेदिचींचा वाटा मोठा, स्थानिक मॅनेजर छोटा भागीदार, करार ठराविक वर्षांचा, वर्षाखेरीला ताळेबंद फ्लॉरेन्सला पाठवायचा. एक शाखा गोत्यात आली तर दुसरीला झळ नको. १४५५ मध्ये ब्रूजच्या कोर्टात एक केस झाली, लंडनच्या शाखेने बांधलेल्या लोकरीच्या गाठी खराब निघाल्या म्हणून गिऱ्हाइकाने ब्रूजच्या शाखेवर दावा लावला, आणि शाखेने सरळ सांगितलं की मालक एक असले तरी ती कंपनी वेगळी, आम्ही वेगळे. कोर्टाने मान्य केलं! साडेपाचशे वर्षांपूर्वी. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं असतं तर मी मागच्या बाकावर झोपले नसते.

आता कोणी म्हणेल मग राजकारणात पडलेच कशाला, बापाने सांगितलं होतं ना. इथेच खरी गंमत आहे आणि इथेच मी बराच काळ चुकत होते. मला वाटायचं की पैसा झाला की माणसाला सत्तेची हाव सुटते, साधा हिशेब. पण फ्लॉरेन्सचा हिशेब वेगळा होता. १४२७ मध्ये तिथे नवीन कर आला, प्रत्येक घराने आपली मालमत्ता लिहून द्यायची. त्या यादीत सगळ्यात श्रीमंत कोण तर पाल्ला स्त्रोत्झी. विद्वान माणूस, ग्रीक शिकलेला, ग्रंथ जमवणारा, राजकारणात तसा काठावरच. १४३३ मध्ये विरोधी गटाने कोसिमोला हद्दपार केलं, वर्षभरात कोसिमो परत आला, आणि १४३४ मध्ये हद्दपार व्हायची पाळी पाल्ला स्त्रोत्झीवर आली. तो परत फ्लॉरेन्स बघू शकला नाही, पादुआत मेला. आणि जे गावात राहिले त्यांच्यासाठी कर होताच. कोणावर किती बसवायचा हे ज्यांच्या हातात सत्ता ते ठरवणार, आणि कोसिमोबद्दल लोक म्हणायचे की दुसरे खंजीर वापरतात, हा कर वापरतो.

म्हणजे त्या गावात नुसतं श्रीमंत असणं हा गुन्हा नव्हता पण धोका होता. तिजोरी राखायची तर सरकारवाड्याची किल्ली हातात हवी, आणि ती किल्ली हातात ठेवायला तिजोरी उघडी ठेवावी लागते. या चक्रात शिरायचं की नाही हा पर्याय जोवान्नीकडे होता. लोरेंझोकडे नव्हता.

लोरेंझोचे वडील पिएरो, गाऊटने आजारी, पालखीतून नेण्याची वेळ यायची. १४६४ मध्ये कोसिमो गेला आणि पिएरोने काय केलं तर कोणत्याही नव्या चेअरमनने करावं तेच, खातेवह्या मागवल्या, कोणाकडे किती अडकलंय बघितलं आणि वसुली सुरू केली. आमच्या भाषेत बॅलन्सशीट साफ करायला घेतली. झालं! कोसिमोने मैत्रीखात्यात वाटलेली कर्जं होती ती, त्यांच्या जोरावरच तर लोक बाजूला होते. व्यापारी बुडाले, बोंबाबोंब झाली, आणि १४६६ मध्ये पिएरोला उलथवण्याचा कट झाला. कटाला कारणं इतरही होती, पण त्यात या वसुलीचा वाटा होता असं पुढच्या पिढीतल्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. लोरेंझो तेव्हा सतरा वर्षांचा. म्हणजे कर्ज परत मागितलं की काय होतं हे त्याने मिसरूड फुटायच्या वयात घरात बसून पाहिलं होतं. नंतर सगळे त्याला म्हणतात की तू हिशेबाकडे लक्ष दिलं नाहीस, अरे पण बापाने दिलं होतं ना, आणि त्याचं काय झालं?

२ डिसेंबर १४६९ ला पिएरो वारला. दोन दिवसांनी गावातली मोठी माणसं घरी सांत्वनाला आली आणि वीस वर्षांच्या या पोराला म्हणाली की आता तू बघ. त्याने स्वतःच्या टिपणात लिहिलंय की वय बघता मला हे नको होतं, पण फ्लॉरेन्समध्ये सत्तेशिवाय श्रीमंत माणसाचं काही खरं नाही, म्हणून घेतलं. त्याच टिपणात दुसरा एक आकडा आहे. १४३४ ते १४७१ या काळात घराण्याने इमारती, दानधर्म आणि कर यांवर मिळून ६,६३,७५५ फ्लोरिन घालवले. पणजोबांच्या सगळ्या इस्टेटीच्या साडेतीनपट! आणि पुढे लिहितो की यातला थोडा पैसा आज खिशात असता तर बरं असं काहींना वाटेल, पण मला तो चांगला खर्च झाला असंच वाटतं. हा आकडा त्याने काढून ठेवला हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला हिशेबात रस नाही तो सदतीस वर्षांचा खर्च बेरीज करून लिहीत बसत नाही.

बरं आता कर्जांकडे येऊ. लंडनची गोष्ट तर अशी आहे की नावं बदलली तर कालची वाटेल. इटलीत उत्तम कापडाला इंग्लंडची लोकर लागायची. लोकर बाहेर न्यायला राजाचा परवाना लागायचा. परवाना मिळायला राजाला कर्ज द्यावं लागायचं. राजा चौथा एडवर्ड, घरातच गादीसाठी युद्ध चाललेलं, पैशाची भूक न संपणारी. कर्ज दिलं, परत येईना, म्हणून अजून दिलं म्हणजे आधीचं तरी सुटेल, ते पण येईना. याला आम्ही एव्हरग्रीनिंग म्हणतो, वाळलेल्या झाडाला हिरवा रंग मारायचा. तिथला मॅनेजर कानिज्यानी शेवटी इंग्लंडचाच नागरिक झाला, राजाकडून जमीनजुमला मिळाला, त्याचं भलं झालं, शाखेचं वाटोळं.

आणि हे फ्लॉरेन्सला माहीत नव्हतं असं नाही. १३४० च्या दशकात बार्दी आणि पेरुत्झी या दोन मोठ्या बँका बुडाल्या होत्या त्यात तिसऱ्या एडवर्डला दिलेल्या कर्जाचा मोठा हात होता. म्हणजे तोच देश, तेच घराणं, राजाचं नावही तेच, आकडा फक्त पुढचा.

ब्रूजला तोम्माझो पोर्तिनारी होता. हुशार, रुबाबदार, बरगंडीच्या दरबारात उठबस. तिथल्या राज्यकर्त्या ड्यूक चार्ल्सला किती कर्ज द्यायचं याची मर्यादा करारात घातली होती, त्याने ती ओलांडली. ड्यूक १४७७ च्या जानेवारीत नान्सीच्या लढाईत मारला गेला, आणि मेलेल्या युद्धखोर ड्यूककडून वसुली कशी करायची ते मला तरी कोणी शिकवलं नाही. लोरेंझोने नंतर ब्रूजचं नुकसान ७०,००० डुकाटच्या घरात काढलं, आणि वर टोमणा मारलाय की हा बघा तोम्माझोच्या कारभाराने झालेला नफा. पोर्तिनारीने स्वतःसाठी काढून घेतलेलं चित्र आज उफित्झीत आहे, ह्यूगो वान देर गुसचं, त्यात तो हात जोडून गुडघ्यावर बसलाय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. चेहरा अगदी ओळखीचा. थकीत खात्याचं रिव्ह्यू चाललं की समोरचा माणूस असाच बसतो.

मग प्रश्न येतो की सास्सेत्ती काय करत होता. तो जीएम, त्याच्याकडे ताळेबंद येत होते. मला वाटतं तो तेच करत होता जे मी एकदा केलं. एक फाईल आली होती, आडनाव मोठं, तारण कागदावर भरपूर आणि प्रत्यक्षात वादातलं. मी नोट लिहिली, तीन मुद्दे, स्पष्ट. मग वरून फोन आला, दमदाटी वगैरे काही नाही, उलट फार गोड, "मॅडम, तुमची नोट वाचली, छान आहे, फक्त भाषा जरा सौम्य करता येईल का." मी भाषा सौम्य केली. "शिफारस नाही" चं "अटींच्या अधीन राहून विचार करता येईल" झालं. चार ओळींचा बदल. कर्ज दोन वर्षांत थकलं. मला कोणी काही विचारलं नाही, प्रमोशनसुद्धा वेळेवर झालं, आणि इतकी वर्षं झाली तरी ती चार ओळींची भाषा मला पाठ आहे. त्यामुळे सास्सेत्तीला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते. त्याचे स्वतःचे पैसे तर बँकेतच अडकलेले होते, म्हातारपणी १४८८ मध्ये ल्योंला जाऊन तिथला घोळ निस्तरत बसला, आणि १४९० मध्ये गेला.

१४७८ हे वर्ष सगळं बाहेर काढणारं. पोप चौथा सिक्स्टस आणि लोरेंझोचं बिनसलं होतं, पोपला एक गाव विकत घ्यायला पैसे हवे होते आणि लोरेंझोने टाळाटाळ केली. बघा, आयुष्यात मोठ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला एकदा नाही म्हणाला आणि त्याची किंमत काय पडली! पोपने खातं काढून पाझ्झींकडे दिलं, ती पण फ्लॉरेन्सची बँकर मंडळी, मग तोल्फाच्या खाणीतल्या तुरटीचा ठेका पण काढून घेतला. तुरटी म्हणजे कापडाचा रंग पक्का करायला लागणारी, तिच्याशिवाय सगळा कापडधंदा ठप्प, तेव्हा तो साधासुधा ठेका नव्हता. आणि २६ एप्रिल १४७८ ला, रविवारी, डुओमोमध्ये प्रार्थना चालू असताना पाझ्झींच्या माणसांनी दोघा भावांवर हल्ला केला. धाकटा ज्युलियानो एकोणीस वार होऊन तिथेच मेला. लोरेंझो मानेवर जखम घेऊन शेजारच्या खोलीत शिरला, दार लावून घेतलं, वाचला. त्यानंतर फ्लॉरेन्सने जो सूड उगवला तो मी लिहीत नाही, जेवताना वाचणारे लोक असतात.

दोन बँकांच्या स्पर्धेत एका संचालकाचा देवळात खून. कधी कधी वाटतं आपल्या मीटिंगा बऱ्याच सभ्य असतात.

मग युद्ध, पोपचा बहिष्कार, रोममधली मालमत्ता जप्त, आणि हातात पैसा नाही. आणि इथे लोरेंझोने ते केलं ज्याचा बचाव मला करता येत नाही. चुलतभावांची, दोघं लहान पोरं, त्यांची वडिलोपार्जित रक्कम त्याच्याकडे पालक म्हणून होती, त्यातून त्याने १४७८ च्या काही महिन्यांत ५०,००० हून जास्त फ्लोरिन उचलले. पोरं मोठी झाली, हिशेब मागितला, भांडण लवादाकडे गेलं, १४८५ मध्ये त्याला काफाज्योलोचा वाडा आणि मुजेल्लोतल्या जमिनी देऊन भरपाई करावी लागली. सरकारी तिजोरीत हात घातल्याचे आरोप आहेत ते वेगळेच. आणि गावाचा एक हुंडानिधी होता, १४२५ पासूनचा, बाप मुलीच्या नावाने लहानपणी पैसे ठेवायचा आणि लग्नाच्या वेळी ते वाढून मिळायचे. लोरेंझोच्या काळात त्यातून लग्नाच्या वेळी पूर्ण रक्कम मिळेनाशी झाली, थोडी आता, बाकीची नंतर. मला राजे, ड्यूक, पोप यांच्या बुडीत कर्जांचं इतकं काही वाटत नाही, पण काउंटरपलीकडे मुलीच्या लग्नाची पावती घेऊन उभा असलेला बाप मला दिसतो, आणि त्याला "नंतर या" सांगणारा कारकून पण दिसतो.

युद्ध संपवायला मात्र तो स्वतः गेला, १४७९ च्या डिसेंबरमध्ये नेपल्सला, शत्रूच्या राजाकडे. दोन-अडीच महिने तिथे राहून तह करून आला. माणसात दम होता हे कबूल करायलाच हवं. ८ एप्रिल १४९२ ला गेला, वय त्रेचाळीस, बापाचाच आजार. अडीच वर्षांनी, १४९४ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्सचा राजा सैन्य घेऊन आला, मुलगा पिएरो पळाला, वाडा लुटला गेला, बँक संपली. लेखापरीक्षकाच्या नजरेने बघितलं तर हिशेब इथे बंद.

पण मग चॅपेलमध्ये परत नाणं टाकायची वेळ आली, दिवा गेला होता. लेकीने पर्स उलटीपालटी करून अजून एक नाणं काढलं. आणि मी या वेळी सास्सेत्तीकडे न बघता खालून जिन्यावरून वर येणाऱ्या पोरांकडे बघितलं. त्यात लोरेंझोचा मुलगा जोवान्नी आहे, बँक उभी करणाऱ्या जोवान्नीचं नाव लावलेला. लोरेंझोने सिक्स्टसनंतर आलेल्या पोपशी जुळवून घेतल्यावर, म्हणजे त्या नवीन पोपच्या मुलाला स्वतःची मुलगी देऊन, या पोराला तेराव्या वर्षी कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, करून घेतलं. त्यात किती पैसा ओतला असेल, आणि तो कुठून आणला असेल, ते त्या बंद झालेल्या शाखांना विचारावं. १५१३ मध्ये हाच मुलगा पोप दहावा लिओ झाला. खून झालेल्या ज्युलियानोचा मुलगाही पुढे पोप झाला. लोरेंझोची पणती कातेरिना फ्रान्सची राणी.

बँकेच्या वहीत जे बुडीत म्हणून लिहिलं गेलं ते घराण्याच्या वहीत कुठल्या रकान्यात जातं, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. कर्ज विभागातली मी म्हणते की ठेवीदारांच्या पैशाने पोराला कार्डिनल केलं, याला साध्या मराठीत काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. आणि तरी चित्रात लोरेंझोचा एक हात पुढे आहे, जिन्यावरून येणाऱ्या पोरांकडे, आणि शेजारी उभा असलेला म्हातारा जीएम, ज्याच्या पैशाने हे सगळं रंगवलंय, तो समोर कुठेतरी बघतोय. मालक त्याच्याकडे बघत नाहीये.

"झालं का बघून?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, थांब जरा. तेवढ्यात दिवा गेला, आणि सुटं नाणं दोघींकडेही नव्हतं.